अम्मी-अब्बांचा फोन हातात घेताना

(म्हसळा इथे तरुण-तरुणींच्या एका बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



मला बोलावलं तेव्हा सांगितलं होतं की तू सॉफ्टवेअरमध्ये आहेस, तर मुलांशी करिअरबद्दल बोल. करिअरबद्दल बोलणारे पुष्कळ आहेत. मी आज अशा एका कामाबद्दल बोलणार आहे जे इथे बसलेला जवळपास प्रत्येक जण करतो, ज्याचा पगार मिळत नाही आणि जे कुठल्याच कॉलेजात शिकवत नाहीत. ते काम म्हणजे घरातल्या मोठ्यांचे फोन आणि कॉम्प्युटर सांभाळणं.

ईदला गावी आलो की शीरखुर्म्याची वाटी संपायच्या आत कोणीतरी फोन पुढे करतं. मेमरी भरली म्हणतोय, बघ जरा. पेन्शनसाठी हयातीचा दाखला करायचाय. हजचा फॉर्म भरायचाय. पासवर्ड आठवत नाही. आपण थोडं कुरकुरतो आणि करून देतो. आपल्या आईबापांनी आपल्याला शिकवलं, आता आपण त्यांना मदत करतो, यात विशेष काही नाही.

पण हे काम करताना एक गोष्ट घडते, तिच्याबद्दल आपण कधी बोलत नाही. आपल्याला नको ते कळतं. आपण विचारलेलं नसतं, त्यांनी सांगितलेलं नसतं, तरी कळतं. आणि एकदा कळलं की ते परत करता येत नाही. त्या कळण्याचं करायचं काय, हा आजचा विषय.

हा प्रश्न नवा नाही. दोन पिढ्यांपूर्वी आपल्या किनाऱ्यावर हेच काम वेगळ्या रूपात होतं. मुरूड, म्हसळा, श्रीवर्धन, बोर्ली पंचतन इथल्या घरांतले पुरुष आधी मुंबईला आणि जहाजांवर गेले. १९७३ नंतर तेलाचे भाव वाढले तसे कुवेत, दुबई, सौदीला गेले. घरी राहिल्या त्या बायका, आणि त्यातल्या कितीतरी जणींना लिहिता-वाचता येत नव्हतं. चिठ्ठी आली की वाचायला शाळेत जाणारं एखादं पोर शोधावं लागे, नाहीतर पोस्टमनच वाचून दाखवी. मनीऑर्डरच्या फॉर्मवर खाली दोन ओळी लिहायला जागा असे, त्याही तोच वाचे. म्हणजे नवऱ्याने बायकोला लिहिलेलं आधी तिसऱ्याच माणसाच्या डोळ्यांखालून जायचं. तार आली तर कोण गेलं हे घरच्यांच्या आधी वाचणाऱ्याला कळायचं. पुढे टेपरेकॉर्डर आला आणि आखातातून कॅसेटमध्ये आवाज भरून येऊ लागले. त्या कॅसेटचं मोठं सुख हेच होतं की मधला वाचणारा गेला.

माझी दादी अशा एका वाचणाऱ्या मुलाची आठवण सांगायची. म्हणायची, पोरगा चांगला होता, वाचायचा आणि विसरायचा. विसरत नसणारच तो. घरात पैसे पोचले नाहीत, दोन भावांत वाद झाला, दादा तिकडे आजारी पडले, हे सगळं त्याला ठाऊक होतं. पण पाणवठ्यावर कधी त्याच्या तोंडून त्यातला शब्द निघाला नाही, आणि दादीला रस्त्यात तो दिसला तर नजर चुकवावी लागली नाही. दादी त्यालाच विसरणं म्हणायची.

आज ते चिठ्ठी वाचणारं पोर म्हणजे आपण आहोत. फरक एवढाच की चिठ्ठी महिन्यातून एखादी यायची, आणि फोन सगळंच धरून ठेवतो.

हे कसं होतं ते नीट समजून घ्या, कारण यात बहुतेक वेळा कोणाचाच हेतू वाईट नसतो. अब्बांना नवीन फोन घेतो. दुकानात घाई असते, अब्बांचं गुगल खातं नसतं, आपण आपलंच टाकून देतो. त्या दिवसापासून त्यांनी काढलेले फोटो, जोडलेले नंबर, यूट्यूबवर पाहिलेलं, गुगलवर शोधलेलं आपल्या खात्यात येऊ लागतं. दुसरं, बँकेत आणि आधारला आपला मोबाइल नंबर देतो, कारण ओटीपी आला की अम्मी गोंधळते. मग अम्मीने एटीएममधून पाचशे रुपये काढले की पुण्यात किंवा रियाधमध्ये आपला खिसा थरथरतो. तिसरं, एखादी फाइल काढायला त्यांचं व्हॉट्सअॅप आपल्या लॅपटॉपवर जोडतो. फाइल निघते, जोडणी तशीच राहते, आणि त्यांचे मेसेज आपल्यासमोर येत राहतात.

आपल्याकडे याला निसर्ग वादळाचीही भर पडली. ३ जून २०२० ला ते आपल्याच किनाऱ्यावर आदळलं. वर कोरोना चालू. वीज गेली, टॉवर बंद पडले, मुंबईत आणि आखातात असलेल्या मुलांना घरचे जिवंत आहेत की नाहीत ते कळेना. मग पंचनामे सुरू झाले. उडालेल्या कौलांचे, पडलेल्या माडांचे आणि सुपारीचे फोटो, पासबुक, आधार, खात्याचा नंबर. फोनला कधी हात न लावलेल्या माणसांना फोनशिवाय गत्यंतर उरलं नाही. त्या पावसाळ्यात किती घरांत आईबापाच्या खात्याला मुलाचा नंबर लागला असेल, तुम्हीच अंदाज करा. काम झालं, नंबर तसाच राहिला.

आता माझ्याच घरातल्या दोन गोष्टी सांगतो. अम्मी-अब्बांना विचारूनच सांगतोय.

अब्बांना बँकेचा एक कागद डाऊनलोड करून हवा होता. मी त्यांच्या फोनवर शोधायला दोन अक्षरं टाइप केली, तर खाली त्यांचे आधीचे शोध दिसायला लागले. लघवीतून रक्त का येतं. लघवीतून रक्त म्हणजे कॅन्सर असतो का. एकाखाली एक चार-पाच. अब्बा शेजारीच बसले होते, चश्मा पुसत. घरात कोणालाच त्यांनी काही सांगितलं नव्हतं.

मला हे कळायला नको होतं, कारण त्यांना ते मला कळू द्यायचं नव्हतं. पण गप्पही बसता येत नव्हतं. मी कागद काढून दिला. रात्री जेवण झाल्यावर म्हटलं, "अब्बा, मी रविवारपर्यंत आहे, गाडी आहे. तुम्हाला अलिबागला डॉक्टरकडे कशासाठीही जायचं असेल तर सांगा, कारण विचारणार नाही." ते काही बोलले नाहीत. दुसरा दिवस तसाच गेला. तिसऱ्या दिवशी फजरनंतर म्हणाले, "चल जाऊन येऊ." मुतखडा निघाला. आज ते बरे आहेत. पण ते दीड दिवस मला फार मोठे गेले, आणि ते बोललेच नसते तर शनिवारी मी स्वतःहून विषय काढणार होतो, हेही मी ठरवून ठेवलं होतं.

दुसरी गोष्ट अम्मीची. तिच्या फोनमधले मोठे व्हिडिओ काढून जागा करत होतो. तिने खालाला पाठवलेला एक आवाजी मेसेज बोट लागून वाजला. बंद करेपर्यंत चार-पाच सेकंद गेले, तेवढ्यात ऐकू आलं ते असं, की मुलगा पनवेलला राहायला बोलावतोय, त्याचं मन मोडवत नाही म्हणून हो म्हटलंय, पण तिथे माझा जीव गुदमरतो. आम्ही तोवर तिच्यासाठी खोलीला रंगही दिला होता.

पुष्कळ विचार केला. तू खालाला असं म्हणालीस, हे तिला सांगितलं असतं तर तिने पुन्हा बहिणीशी मोकळेपणाने बोलताना दहा वेळा विचार केला असता. माझा प्रश्न सुटला असता आणि तिचं मन हलकं करायची एक जागा गेली असती. म्हणून मी ते सांगितलं नाही. फक्त जे आधी विचारायला हवं होतं ते विचारलं. आधी आम्ही "कधी येतेस" असं विचारत होतो. या वेळी विचारलं, "अम्मी, तुला कुठे राहायचंय? तू श्रीवर्धनला राहिलीस तर काय काय सोय लागेल?" तिने माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "विहिरीच्या मोटरचं तेवढं बघ." अम्मी आजही श्रीवर्धनला आहे.

तुमच्यापैकी कोणी म्हणेल, हे नाटकच झालं की. माहीत असून माहीत नसल्यासारखं वागायचं. मलाही हा प्रश्न पडला. माझं उत्तर असं आहे की दार कोणी उघडायचं, यावर सगळं आहे. आपण दार आहे तिथे जाऊन उभं राहायचं, आत यायला हवं का ते विचारायचं. उघडणं त्यांच्या हातात. जे कळलं ते पुरावा म्हणून समोर टाकलं की त्यांच्या हातात काहीच उरत नाही. अब्बांनी डॉक्टरकडे जायचं स्वतः ठरवलं. अम्मीने मोटरचं स्वतः सांगितलं. पुढे काही महिन्यांनी मी दोघांनाही खरं काय ते सांगून टाकलं. अब्बा हसले. अम्मी म्हणाली, मला वाटलंच होतं.

दाराचा हा दाखला माझा नाही. सूरह नूरमध्ये कोणाच्या घरात शिरण्याआधी परवानगी घ्या, असा हुकूम आहे हे आपण मदरशात शिकलो. त्याच सूरहमध्ये पुढे घराच्या आतली गोष्ट आहे. लहान मुलांनी फजरच्या आधी, दुपारच्या आरामाच्या वेळी आणि इशाच्या नंतर, अशा तीन वेळा मोठ्यांच्या खोलीत विचारून जावं. आणि मुलं मोठी झाली की त्यांनी नेहमीच विचारून जावं. आपण उलटं धरून चाललोय. आपल्याला वाटतं, मोठे झालो, कमावते झालो, आता विचारायचं काय.

इमाम मालिक यांच्या मुवत्तामध्ये एक रिवायत आहे. एक माणूस पैगंबरांना विचारतो की आईकडे आत जातानाही परवानगी घ्यायची का. हो, असं उत्तर मिळतं. तो म्हणतो, पण मी तिच्यासोबत एकाच घरात राहतो. तरी घे. तो म्हणतो, पण तिची सेवा करणारा मीच आहे. तरीही परवानगी घे, कारण आईला उघड्या अवस्थेत पाहणं तुला आवडेल का. हा माणूस मला फार जवळचा वाटतो. सेवा मीच करतो म्हणून मला विचारायची गरज काय, हा आपला रोजचा युक्तिवाद आहे. रिचार्ज मीच मारतो, फोन मीच घेऊन दिला, मग बघितलं तर काय बिघडलं? चौदाशे वर्षांपूर्वी त्याला जे उत्तर मिळालं तेच आपल्याला आहे.

माझ्या धंद्यातही हेच शिकवतात, भाषा वेगळी असते. १९७५ साली जेरोम सॉल्टझर आणि मायकल श्रोडर या दोन संगणक शास्त्रज्ञांनी सुरक्षेची तत्त्वं मांडली. त्यातलं एक असं की कामाला लागेल तेवढाच अधिकार द्या, त्याहून जास्त नको. लिनक्सवर पहिल्यांदा सगळे अधिकार वापरायला जाता तेव्हा बऱ्याचदा पडद्यावर तीन सूचना येतात. त्यातली पहिलीच दुसऱ्यांच्या खासगीपणाचा मान राखा अशी आहे. मशीनमध्ये सगळीकडे जायला निघालेल्यालाच ती दाखवतात, कारण जो जायला निघालाच नाही त्याला सांगून उपयोग काय? आणि २४ ऑगस्ट २०१७ ला सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी पुट्टस्वामी खटल्यात एकमताने सांगितलं की खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे. सरकारने आपल्या घरात डोकावू नये असं आपण म्हणतो, ते बरोबरच आहे. मग घरातल्या घरात आपणही तो हक्क मानला पाहिजे.

आता जरा अवघड भागाकडे येतो. इथे बहिणीही बसल्या आहेत, त्यांना हे माझ्याहून जास्त माहीत आहे.

घरात ज्याला फोनमधलं कळतं तो हळूहळू घरचा पोलीस होतो. आमच्या नात्यातल्या एका चाचांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "तुला येतं ना हे सगळं, मग आमच्या पोरीचा फोन जरा बघ. कोणाशी बोलते ते कळू दे. तिला सांगायची गरज नाही." मुलगी एकोणीस वर्षांची, कॉलेजला जाणारी. चाचा वाईट माणूस नाहीत, घाबरलेले होते. मी म्हटलं, "चाचा, येतं मला. पण करणार नाही. तुम्हाला जे विचारायचंय ते तिला समोर बसवून विचारा, हवं तर मी सोबत बसतो." चाचा नाराज झाले. पुढच्या ईदला आमच्याकडे आले नाहीत.

सूरह हुजुरातमध्ये संशय, तजस्सुस म्हणजे दुसऱ्याची गुपितं धुंडाळणं, आणि गीबत म्हणजे पाठीमागची निंदा, या तिन्हींना एकाच आयतीत मनाई आहे. हा क्रम नीट बघा. आधी संशय येतो, मग धुंडाळणं, मग ते चारचौघांत बोलणं. खलिफा उमर यांची एक गोष्ट सांगितली जाते. भिंतीवरून चढून त्यांनी एकाला गुन्हा करताना पकडलं, तर तो माणूस म्हणाला, मी एक चूक केली, तुम्ही तीन केल्यात. हेरगिरी केली, दार सोडून भिंतीवरून आलात, आणि परवानगीही घेतली नाहीत. उमर यांनी त्याला सोडून दिलं. सत्ता त्यांच्याकडे होती, आणि आढळलेलं खरं होतं, तरी मिळवायची रीत चुकीची होती.

ही गोष्ट बहिणीच्या फोनला लागू आहे, बायकोच्या फोनला आहे, तितकीच अम्मीच्या फोनलाही आहे. कितीतरी बायकांच्या आयुष्यात फोन ही पहिली अशी वस्तू आहे जिला स्वतःचं कुलूप आहे. कपाटाची किल्ली सासूकडे होती, बँकेचं पुस्तक नवऱ्याकडे होतं. त्या कुलपाचा आकडा मुलाने स्वतःच्या सोयीसाठी ठरवायचा नसतो.

म्हणजे काहीही कळलं तरी तोंड बंदच ठेवायचं का? नाही. जिथे जिवाला किंवा आयुष्यभराच्या कमाईला धोका आहे तिथे लगेच आणि स्पष्ट बोलायचं. वर्दीतला माणूस व्हिडिओ कॉलवर आहे, तुम्हाला डिजिटल अटक झाली म्हणतोय, कोणाला सांगू नका म्हणतोय, असं अब्बांच्या पडद्यावर दिसलं तर तिथे लाज राखत बसू नका. कायद्यात अशी अटकच नाही. फोन बंद करा, पैसे गेले असतील तर लगेच १९३० ला कळवा. जितक्या लवकर कळवाल तितकी पैसे अडवले जाण्याची आशा जास्त. पण पैसे गेले म्हणून म्हाताऱ्या माणसाला चारचौघांत मूर्ख ठरवू नका. एकदा हसलात तर पुढच्या वेळी ते तुमच्यापासूनच लपवतील, आणि चोराला तेच हवं असतं.

ज्या गोष्टीवर घराचा निर्णय अवलंबून आहे, जसं अम्मीचं पनवेल, तिथे कळलेलं बाजूला ठेवून सरळ प्रश्न विचारा. आणि बाकी सगळं, कोणी कोणाला उसने दिले, कोणाबद्दल काय बोललं, कोणाचे जुने फोटो जपून ठेवलेत, ते आपलं नाही. ते दादीच्या त्या पोरासारखं विसरायचं. बायकोलाही सांगायचं नाही, भावालाही नाही.

आता काम. आज घरी गेल्यावर करता येईल असं सांगतो.

फोन त्यांच्या हातात राहू द्या. तुम्ही शेजारी बसा आणि कुठे दाबायचं ते सांगा. वेळ तिप्पट लागेल, लागू दे. पुढच्या वेळी निम्मं काम त्या स्वतः करतील, आणि तुम्हाला नको ते दिसणारही नाही. फोन हातात घ्यावाच लागला तर आधी विचारा, त्यांच्या समोरच वापरा, झालं की परत द्या.

अम्मीचं वेगळं गुगल खातं काढा, अब्बांचं वेगळं. पासवर्ड त्यांच्या वहीत त्यांच्या अक्षरात लिहू द्या, वही त्यांच्या कपाटात. बँकेत आणि आधारला त्यांचा स्वतःचा नंबर लावा. त्यासाठी खेप पडली तर ती खेप म्हणजे तुमची खरी मदत. व्हॉट्सअॅपमध्ये जोडलेली उपकरणं दाखवणारी यादी असते, ती त्यांच्यासोबत उघडा आणि तुमचा लॅपटॉप त्यातून काढा. दूर असताना त्यांचा पडदा बघायला आपण जी अॅप वापरतो तशाच अॅपने चोरही खाती रिकामी करतात. रिझर्व्ह बँकेने २०१९ मध्येच एनीडेस्कबद्दल सावध केलं होतं. काम झालं की ते अॅप काढून टाका.

आणि एकदा शांतपणे विचारा की उद्या तुम्हाला काही झालं तर या फोनमधलं काय कोणाला मिळावं, आणि काय कोणीच बघू नये. बँकेत वारसाचं नाव लावलंय का, तेही त्यातच येतं. वसियतबद्दल बोलायला आपल्याकडे बंदी नाही, उलट ती लिहून ठेवायला सांगितलंय. फोन हाही आता घरातलाच ऐवज आहे.

अजून वीस-पंचवीस वर्षांनी आपल्यालाही नवीन काहीतरी कळेनासं होईल. तेव्हा आपली मुलं आपल्या शेजारी बसतील, किंवा आपल्या हातातून ते काढून घेतील. आज घरात ती जे बघतायत तेच तेव्हा करतील.

प्रश्न असतील तर विचारा. बहिणींनी आधी विचारावेत, अशी माझी विनंती आहे.